डिफॉल्ट प्रोसेसर मी बदलला होता

हे आजवर कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलासुद्धा नाही. आणि स्वतःचाच इतका वैताग येतो, कारण गोष्ट केवढी? सेटिंगमधल्या एका ओळीची.

वाळूजच्या एका कारखान्यात मी सर्व्हर सांभाळतो. दोन जुने, एक नवा, आणि त्यांच्यावर चालणारी बरीच व्हर्च्युअल मशीन — म्हणजे एकाच सर्व्हरच्या आत सॉफ्टवेअरनं उभे केलेले वेगवेगळे कॉम्प्युटर. एक सर्व्हर बंद पडला, की त्याच्यावरची मशीन उरलेल्या दोघांवर सुरू व्हावीत, अशी रचना. मशीनला कोणता प्रोसेसर दाखवायचा, ते त्या एका ओळीत ठरतं. माझ्या वरिष्ठ शोभाताईंनी तिथं मुद्दाम जुना, तिन्ही सर्व्हरला चालेल असा प्रोसेसर लिहिला होता. मला नीट समजावलंही होतं.

मग मी तो का बदलला? रिपोर्ट हळू निघतात म्हणून साहेब कुरकुरायचे, आणि मला हुशारी दाखवायची होती — दुसरं काय! ताई रजेवर असताना मी नव्या सर्व्हरचा प्रोसेसर डिफॉल्ट केला, त्याच्यावरची मशीन बंद करून पुन्हा सुरू केली. रिपोर्ट भराभर निघाले. शाबासकी मिळाली. ताईंना सांगायचं राहिलं — राहिलं कसलं, मी टाळलं.

दोन महिन्यांनी ऐन दुपारी नवा सर्व्हर बसला. जुन्यांवर त्याची मशीन उठेनात — जो प्रोसेसर त्यांच्यात नाहीच, तो ते दाखवणार कुठून? लेबल छापणं थांबलं, लाइन थांबली. दुसऱ्या पाळीची माणसं बसमधून उतरून नुसती उभी.

साहेबांनी विचारलं, ही ओळ कुणी लिहिली? लॉगिन आम्हा दोघांचं एकच होतं. ताई माझ्याकडं वळल्या. "मी जुनाच लिहिला होता. तू सांग ना, तुला माहितीय."

मी म्हणालो, "ते ताईच बघायच्या, सर. मला नाय माहीत."

ठपका ताईंवर आला. त्यांची स्टोअरला बदली झाली. बारा वर्षं सर्व्हर सांभाळलेली बाई आता नटबोल्टच्या खोक्यांवर चिठ्ठ्या लावते. आणि मी? ती ओळ गुपचूप पूर्वीसारखी केली — त्यांच्याच खुर्चीत बसून.

परवा कॅंटीनमध्ये त्यांनी शेजारची खुर्ची ओढली. "बस की," म्हणाल्या.

फोन आलाय, असं सांगून मी बाहेर गेलो. फोन आला नव्हता.