सगळी वळणं उजवी

अकोल्याच्या त्या मिस्त्रीला मोटारीखाली निजूनच बोलायची सवय होती. बाहेर आला की गप्प.

माझी जुनी अमेरिकन स्पोर्ट्स कार डावीकडे वळवली की पॉवर स्टिअरिंगचं तेल गळायचं. त्यानं एक थेंब जिभेला लावला आणि खालूनच निकाल दिला, "सील गेलं, वकीलसायेब. नवं इलायतेहून येईस्तोवर डावीकडं वळूच नका."

"अन् घरी कसा जाऊ?"

त्यानं खडूनं फरशीवर रस्ता काढून दिला. सगळी वळणं उजवी. पाच मिनिटांचं घर कापसाच्या बैलबंड्यांमधून वाट काढत अर्ध्या तासावर गेलं. मी रोज त्याला मनातून शिव्या घालायचो.

एका संध्याकाळी तो बाजारात पायी चाललेला दिसला. त्याची खोली गॅरेजच्या डाव्या हाताला, चार पावलांवर.

"मिस्त्री, इकडून कुठं? खोली तं तिकडं हाय तुमची!"

"तुमाले सांगतलं ना उजवीकडून जा म्हनून?" तो वैतागला. "मंग मले नको का तसंच जायाले?"

तीन महिन्यांनी सील आलं. ते बसवून तो बाहेर आला, हात पुसले, गॅरेजला कुलूप लावलं आणि डावीकडे वळून घरी गेला.