मालकाचा जामीन

मालकानं भर बाजारात माह्या नवऱ्याच्या गळ्यात दारूच्या रिकाम्या शिश्याईची माळ घातली. दोराचं टोक माह्या हातात देल्लं.

"फिरव तुह्या बैलाले."

धाड गावचा बाजार. मिरचीवाल्या बाया पदर तोंडाले लावून हासून राह्यल्या होत्या. मी फिरवलं. काय करू? राहाची खोली त्याच्याच जिनिंगमागं, चूल त्याच्याच भरोशावर. लाजेनं जीव जाऊन राह्यला होता, अन् पाय चालून राह्यले होते. मंग आपल्यावर येऊ नाई म्हणून मालकानंच त्याले पोलिसाच्या ताब्यात देल्लं.

नवरा मालकाच्या टरकवर डायवर. आदल्या दिवशी पेलेला होता, एका बैलगाडीले ठोकलं. बैलाचा पाय मोडला. गाडीवान वाचला, नशीब.

पण पाजली कोणं? सरकारची दारूबंदी फक्त गरिबाले. मालकाजवळ डॉक्टरच्या सहीचं परमीट, त्याची दारू म्हणजे दवा! कापसाच्या हर खेपेले तो नारळ फोडे, चाकावर शिशीतली धार सोडे, अन् उरलेली डायवरच्या ओंजळीत ओते. "तीर्थ हाय बे. नाई म्हणू नको, गाडीले अपशकुन होते." तीर्थ घेता घेता माहा माणूस बुडाला. रोजच लागाले लागली.

कोर्टातला साहेब भला होता. म्हणे, "हा आजारी आहे. जामीनदार मिळाला तर जेल नको. दर आठवड्याला बुलढाण्याच्या दवाखान्यात हजेरी, दारू सुटेपर्यंत."

माह्या जिवात जीव आला. तेवढ्यात मालक उठला. "मी राह्यतो जामीन, साहेब. माहाच माणूस हाय." अन् माह्याकडे वळून हळूच, "पाया पड माह्या. परवा खेप हाय."

परवा. म्हणजे परवा पुन्हा तीर्थ.

"नाई," मी म्हटलं. सारं कोर्ट माह्याकडे पाहून राह्यलं. "यानंच पाजली, साहेब. याच्याच हाती देता काय? मी राह्यते जामीन."

"तुझ्या नावावर शेत, घर काही आहे?"

"नाई."

"मग जेल होईल, बाई."

नवरा रडाले लागला. "अवं, हो म्हण ना!"

असा संताप आला मले! आजारी माणसाले दवा पाह्यजे, तं आधी शेत पाह्यजे? नाईतं मालक?

"होऊ द्या जेल."

खोली त्याच सांजेले गेली. भांडेकुंडे रस्त्यावर. आता बुलढाण्यात लोकाईचे धुणे-भांडे करते. तो सुटला का हाताले धरून दवाखान्यात नेईन. पुन्हा पेला तं पुन्हा नेईन. पण मालकाच्या गाडीवर मी त्याले जित्तेपणी चढू देणार नाई.