आईसाठी शिवलेला किमोनो

जपानात कोबेला निघालो त्या सकाळी कल्याणच्या स्टेशनावर आई आली होती, माझे वडील अण्णा आले नव्हते. आईनं माझ्या हातात लाडवांचा डबा दिला आणि गाडी हलेपर्यंत ती खिडकीचा गज धरून उभी राहिली. अण्णांनी निरोप आदल्या दिवशीच दिला होता. "गोदे, नवऱ्याची नोकरी आहे, तुला जायलाच हवं. पण समुद्र ओलांडून आलेल्याला मला घरात घेता येणार नाही. माझं भिक्षुकीवर चालतं. उद्या यजमानांनी दार बंद केलं तर आम्ही दोघांनी काय करायचं?" ते रागावून बोलले असते तर मला सोपं गेलं असतं. पण ते खाली बघून, अगदी हळू बोलले.

आमचे हे मुंबईच्या एका कापूस व्यापाऱ्याकडे कारकून होते. जपानात उतरणाऱ्या गाठी तपासायला पेढीनं यांना धाडलं आणि यांनी मला बरोबर नेलं. तुमच्यापैकी ज्यांनी असं घर सोडलं असेल त्यांना ठाऊक आहे, पहिले काही महिने माणूस नव्या गावात नसतोच. मी कोबेत लाकडी घरात चूल फुंकत होते आणि मनानं कल्याणच्या खाडीवर होते. भात चिकट व्हायचा. मिरची मिळायची नाही. शब्द तर एकही कळायचा नाही.

मग थंडी आली. नऊवारी लुगड्यात पोटऱ्या उघड्याच. अंगणात लुगडं वाळत घालताना माझे दात वाजत होते. शेजारच्या ओहारू-सान नावाच्या विधवा बाईंनी ते पाहिलं, आत गेल्या आणि निळ्या सुती कापडाची अरुंद गुंडाळी घेऊन आल्या. आमची भाषा खुणांची. त्यांनी मला उभं केलं, हात पसरायला लावला, मानेच्या मणक्यापासून मनगटापर्यंत बांबूची पट्टी धरली. मग खांद्यापासून घोट्यापर्यंत. झाली मापं. मला वाटलं, एवढ्यावर काय शिवणार!

पण किमोनो म्हणजे सगळा सरळ पट्ट्यांचा कारभार. दोन लांब पट्ट्या खांद्यांवरून पुढेमागे सोडायच्या, पाठीवर मधोमध जोडायच्या. बाजूंना बाह्या, पुढे दोन अर्ध्या पट्ट्या, गळ्याला एक लांब पट्टी. कात्री कुठेही वळत नाही. साधा धावदोरा. धुवायच्या वेळी शिवण उसवली की पुन्हा कापड ते कापड. आत भरायला यांनी पेढीतून नमुन्यांचा उरलासुरला कापूस आणला. वऱ्हाडचा कापूस अंगाशी घेऊन मी जपानात ऊब मिळवली, तेव्हा फार रडू आलं.

पहिल्यांदा घातला तेव्हा मी उजवी बाजू वर घेतली. ओहारू-सान धावतच आल्या, "नाही, नाही" अशी मान हलवली आणि डावी वर करून दिली. मग डोळे मिटून, हात छातीवर जुळवून आडवं पडल्याचं सोंग करून दाखवलं. उजवी वर आली की तो मेलेल्या माणसाचा वेश. त्या हसत होत्या, मी मात्र चरकले होते.

चार वर्षांनी परत आलो. यांना ठाण्यात कचेरीत काम मिळालं आणि आम्ही तिथेच बिऱ्हाड केलं. कल्याण इतकं जवळ, पण जाता यायचं नाही. प्रायश्चित्त घ्यायला हे तयार नव्हते. "काय पाप केलं आपण? कापूस तपासला," असं म्हणायचे. मलाही तेच वाटायचं. तरी कल्याणकडे जाणाऱ्या गाडीची शिट्टी ऐकली की हातातलं काम थांबायचं. आईसाठी प्रायश्चित्त घ्यायला मी केव्हाही तयार झाले असते.

माझी धाकटी बहीण यमू कल्याणातच दिलेली. तिचं पत्र आलं, आईचं उजवं अंग लुळं पडलं. "ताई, हात चोळीत घालताना ती इतकी विव्हळते की मला तिला चोळी घालवत नाही. लुगडं नेसवायला दोघी लागतात. ती नुसतं पांघरूण घेऊन पडून असते आणि कोणी आलं की लाजेनं भिंतीकडे तोंड करते."

ते वाचून मी त्याच दुपारी माझं एक जुनं, मऊ झालेलं लुगडं काढलं. जपानी कापड त्या घरात चाललं नसतं. लुगडं अर्ध्यावर फाडलं, मग उभ्या तीन पट्ट्या केल्या. मापाचं काय? लग्नाआधी आईच्या चोळ्या मला नीट बसायच्या. तेव्हा वितीनं स्वतःलाच मोजलं आणि किमोनो शिवला. अस्तर नाही, कापूस नाही, पुढून पूर्ण उघडा. लुळा हात नुसता बाहीत ठेवायचा की झालं. यमूच्या नवऱ्याबरोबर तो पाठवला आणि चिठ्ठीत दोनदा लिहिलं, डावी बाजू वर.

यमूचं उत्तर आलं. "अण्णांनी विचारलं, कोणी शिवलं? मी खरं सांगितलं. ते बराच वेळ हातात घेऊन बसले. मग म्हणाले, 'तू हो बाहेर, मी घालतो.' आता रोज तेच तिला घालतात. मला हातसुद्धा लावू देत नाहीत."

त्यानंतर पंधरा दिवसांनी आमच्या दारात अण्णा उभे. उन्हातून स्टेशनापासून चालत आले होते. डोक्यावरची पगडी जरा तिरकी झाली होती. मी वाकून नमस्कार केला.

"बाह्या लांब झाल्यात," ते म्हणाले.

"अण्णा, मी माझ्या मापानं…"

"ती आता तेवढी राहिली नाही, गोदे." त्यांनी पगडी सरळ केली. "तू ये. बघून नीट कर."

"आणि यजमान?"

"बघू," अण्णा म्हणाले. "आधी पाणी दे."

माझ्या घरचं पाणी त्यांनी उभ्याउभ्याच पिऊन टाकलं. दुपारच्या गाडीनं मी त्यांच्याबरोबर गेले.

आई खरंच एवढीशी झाली होती. मी तिचा हात माझ्या मांडीवर घेतला, मानेपासून मनगटापर्यंत विती टाकल्या. माझ्यापेक्षा चार बोटं कमी भरलं. तिनं डाव्या हातानं माझा गाल चाचपला आणि अडखळत म्हणाली, "किती वाळलीस गं." मी खाली मान घालून बाही दुमडत राहिले.

तेवढ्यात अंगणातून शेजारच्या काकूंनी हाक दिली, "भटजी, कोण आलंय हो?"

अण्णा ओटीवर बसले होते. दोन यजमानांनी पुढे त्यांना बोलावणं बंद केलं. त्यांना तेव्हाही त्याचा अंदाज असणारच. पण ते सगळ्या आळीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "आमची गोदा आलीय."

आई त्यानंतर आठ महिने होती. आज मी ठाण्यात राहते, कोबेची थंडीही मधूनच आठवते, आणि घर कुठलं असं कोणी विचारलं की मला नाव सांगायला क्षणभर वेळ लागतो. त्या क्षणात मला अण्णांचा तो आवाज ऐकू येतो. मग मी कल्याण म्हणते.