नदीसमोरची खिडकी

संध्याकाळी नदीकाठाने फिरताना मला रोज एक खिडकी बंद होताना दिसते, तीही ऐन उकाड्यात. ती खिडकी आमच्या माजी नगराध्यक्षांची. गावाचं सांडपाणी नदीत सोडायचा ठराव त्यांच्याच काळात झाला. त्या सभेत माझी काकू उभी राहून म्हणाली होती, "साहेब, खालच्या आळीत आम्ही हेच पाणी पितो." "विकासासाठी थोडं सोसावं लागतं, बाई," असं म्हणून त्यांनी पुढचा विषय घेतला. त्याच पावसाळ्यात आळीत काविळीची साथ आली आणि काकू गेली.

लोक म्हणतात, नदी कधी ना कधी सूड उगवते. मला ते पटत नाही. नदी बिचारी अंगावर टाकाल ते मुकाट्याने वाहून नेते. सुडाची तहान लागते ती माणसाला.

काल ते फाटकाशी नाकाला रुमाल लावून उभे होते. किती थकलेत! मला म्हणाले, "हौसेनं इथं घर बांधलं हो, पण या वासानं घास उतरत नाही. नगरपरिषदेत कितीदा सांगितलं, कुणी दाद देत नाही."

मला त्यांची दया यायला हवी होती. मी क्षणभर तिची वाट पाहिली, पण ती काही आली नाही. उलट मी हात जोडून मनापासून म्हणाले, "देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो, साहेब. आणि ते याच घरात जावो."