काळं दिसलं की हात सैल

माझा लहान भाऊ पन्नाशी ओलांडल्यावरही मोटरसायकलच्या शर्यतीत उतरायचा. घुग्घुसात कोणाले सांगितलं तर लोक आधी हसत, मग विचारत, "कोण, तो खाणीतला फिटर? बाप्पा!" शिफ्ट करायची, सुट्ट्या साठवायच्या, गाडी पार्सलच्या डब्यात चढवायची अन् बल्लारशाहून चेन्नईकडच्या ट्रॅकवर जायचं. असं बावीस वर्षं. मलेही कधी कधी खरं वाटत नाई.

त्याची एक खोड होती, अन् ती आम्हा घुग्घुसवाल्यांचीच. आमच्या इथी ट्रकातून कोळशाची भुकटी रस्त्यावर सांडते. काळा पट्टा आला की गाडी घसरलीच समजा. म्हणून पोट्टं सायकल शिकते तेव्हाच हेही शिकते, काळं दिसलं की हात सैल सोड, वेग कमी कर. ट्रॅकवर मात्र उलटं. तिथी टायरचं रबर घासून घासून डांबरावर काळा पट्टा पडते, अन् टायर त्याच पट्ट्याले धरून राहते. सगळे त्याच्यावरून सुसाट जात. आमचा हा बाजूनं, जपून! पहिल्या वर्षी शेवटून पहिला आला.

"अरे, तुले समजत नाई का?" मी चिडून विचारलं.

"डोक्याले समजते, बाई. हाताले नाई समजत."

हळूहळू हातालेही समजलं. एक लांबलचक डावं वळण तेवढं राहिलं. तिथी पट्टा सगळ्यात काळा अन् वेग सगळ्यात जास्त. मनगट दोनदा मोडलं, घरी लेकरं मोठी झाली, तेव्हा मी त्याच्या मागंच लागली, पुरे कर आता. तो म्हणाला, "ते वळण एक्सलेटर न सोडता काढलं, की त्या दिवशी बंद." हे बोलणं मी पक्कं लक्षात ठेवलं.

मागच्या हंगामात मी पहिल्यांदाच त्याच्यासोबत गेली. मुद्दाम त्याच वळणापाशी जाळीले लागून उभी राहिली. गाड्या आल्या. माणसं एवढी आडवी होतात? गुडघा जमिनीले घासून राह्यला! अन् त्या कोवळ्या पोरांत माझा भाऊ, हेल्मेटखाली टक्कल पडलेला.

वळणात शिरताना त्याचा हात सैल पडायचा अन् गाडीचा आवाज जरासा खाली बसायचा, मग पुन्हा चढायचा. पहिल्या राउंडले बसला. दुसऱ्याले बसला. प्रत्येक वेळी बसला. मी जाळी धरून पुटपुटत होती, "सोडू नको रे, सोडू नको." मी हे काय म्हणून राह्यली, मलेच समजत नव्हतं.

शेवटच्या राउंडले तो आला अन् आवाज बसलाच नाई. काळ्या पट्ट्यावरून, पार आडवा, गाडी तशीच ओरडत निघून गेली. खरं सांगते, एवढं देखणं मी आयुष्यात काही पाह्यलं नाई.

नंबर आला नववा. मी धापा टाकत त्याच्यापाशी गेली. हेल्मेट काढून तो जमिनीवर बसला होता.

"झालं, बाई," तो म्हणाला. "जिंकली तू. बंद केलं मी."

किती वर्षं वाट पाहिली होती मी या शब्दांची! अन् मीच त्याच्यावर खेकसली, "आता कुठी तुले चालवता आली, अन् आताच काऊन सोडून राह्यला?"