विमानातल्या माणसाचे डोळे

कल्याणला आमचा गणपतींचा कारखाना होता. कारखाना म्हणजे घराचीच पडवी आणि तिला जोडून काढलेली पत्र्याची शेड. माती मळणं, मूर्तीला पांढरा हात देणं, अंगाचा रंग लावणं ही कामं आम्ही बायका करायचो. शेवटची आखणी, म्हणजे डोळे आणि भुवया, फक्त वडील आणि थोरला भाऊ. मला आखणी करायची होती. चौथीनंतर शाळा सुटली तेव्हापासून मी मागत होते. वडील म्हणायचे, तुला शिकवायचं आणि हात जायचा सासरी. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून राग जास्त यायचा.

डोंबिवलीचे एक गृहस्थ दरवर्षी आमच्याकडून मूर्ती न्यायचे. मुंबईला कचेरीत होते. मी तेरा वर्षांची असताना श्रावणात ते मूर्ती सांगायला आले ते पुठ्ठ्याचं खोकं घेऊन. आत वीतभर लांबीचं विमान. विलायतेत शिकायला गेलेल्या त्यांच्या भावाने सुटे भाग पाठवले होते, ते यांनी चिकटवले होते. आतला माणूस आणि त्याच्यावरचं काचेसारखं झाकण तेवढं सुटं ठेवलं होतं. प्लास्टिकचं होतं ते सगळं. त्यांनी रंग लावून पाहिला होता, तो थेंब थेंब होऊन ओघळला. भाऊ दिवाळीला येणार होता, त्याआधी विमान खोक्यावरच्या चित्रासारखं दिसायला हवं होतं.

आमच्या भावाने हात जोडले, गणपती तोंडावर आलेत म्हणाला. मी त्या दिवशी मागच्या ओट्यावर बसले होते. महिन्याचे चार दिवस आम्हाला मूर्तीला हात लावायला बंदी, नुसतं रिकामं बसायचं. मी तिथूनच म्हटलं, "विमान काय देव आहे? मला द्या की."

गृहस्थ जमिनीकडे बघायला लागले. वडिलांनी खोकं खाली ठेवलं आणि पायाने माझ्याकडे सरकवलं.

"नीट झालं तर आखणी देणार?" मी विचारलं.

"आधी कर," ते म्हणाले.

मला एकच पद्धत ठाऊक होती. खडूची भुकटी सरसात कालवून मी विमानाला पांढरा हात दिला. दुसऱ्या दिवशी तो उकडलेल्या अंड्याच्या टरफलासारखा निघून आला. मी एक तुकडा उचलून बघितला. त्याची आतली बाजू आरशासारखी गुळगुळीत होती. माती पाणी पिते, तिच्याबरोबर रंगही आत ओढते. हे काही पीतच नव्हतं. पंखावर पाण्याचा थेंब सोडला तर तो अळूच्या पानावरच्यासारखा पळाला. अर्धा दिवस मी थेंबच सोडत बसले. मग रिठ्याच्या पाण्याने घासलं, तेव्हा थेंब जरा पसरला. म्हणजे अंगाला काहीतरी तेलकट होतं.

पाण्याचा रंग चालणार नाही हे कळलं. आमच्या गल्लीत टांगे रंगवणारा होता, त्याच्याकडून भावाने तेलाचा रंग आणला. तो फार घट्ट, म्हणून पातळ करायला मोटारी रंगवणाऱ्याकडचं कसलंसं पाणीही आणलं. ते मी आधी फडक्यावर घेऊन पंख पुसला. कुणी सांगितलं नव्हतं, मलाच शहाणपण सुचलं. पंख फणसपोळीसारखा मऊ झाला आणि माझा अंगठा त्यात रुतला. वाळल्यावर अंगठ्याच्या रेषा न् रेषा तिथे उमटलेल्या. खालच्या बाजूला होत्या, हे नशीब.

वडिलांना दाखवलं. ते ओरडले नाहीत. "त्यांना तू सांगायचंस," एवढंच बोलले आणि रंग पातळ करायला टर्पेंटाइनची बाटली दिली.

चार दिवस संपले तरी ते काम माझ्याकडेच राहिलं, कारण बिघडवलं मी होतं. चित्रात विमान वरून हिरवं-तपकिरी आणि पोटाला फिकट निळं होतं. असं का ते मला कळेना. भाऊ म्हणाला, रंग संपला असेल. गृहस्थ मध्ये एकदा येऊन गेले तेव्हा मी विचारलं. वरून बघणाऱ्याला ते शेत वाटावं आणि खालून बघणाऱ्याला आभाळ, म्हणून, असं ते म्हणाले. मला ते फार विचित्र वाटलं. आम्ही जन्मभर रंग लावला तो लोकांना लांबून दिसावं म्हणून. दिसू नये म्हणूनही कुणी रंग लावत असेल हे डोक्यात आलं नव्हतं.

शेवटी आतला माणूस राहिला. त्याचं डोकं ज्वारीच्या दाण्याएवढं. खारीच्या शेपटीच्या केसांचा सगळ्यात बारीक कुंचला घेतला, श्वास धरला आणि मूर्तीला काढतात तसे डोळे काढले. पांढरं, त्यात काळं. दोन्ही सारखे आले. मी वडिलांना हाक मारली.

त्यांनी तो काडीच्या टोकाला चिकटवलेला माणूस हात लांब करून धरला. "हा एवढा का घाबरलाय?" म्हणाले.

खरंच घाबरलेला दिसत होता.

"जा, त्या विहिरीपाशी उभी राहा. माझे डोळे दिसतात?"

मी गेले. खोबणी दिसत होत्या, सावली दिसत होती. पांढरं-काळं काही दिसत नव्हतं.

"मग याचे कसे दिसतील? एवढा बारीक दिसतो, म्हणजे हा तर त्याहून लांब आहे."

मी त्या माणसाचे डोळे पुसून टाकले. भुवईखाली तपकिरी रंगाची एक रेघ ओढली, केसाएवढी. माणूस समोर बघायला लागला. वडिलांनी तो बराच वेळ फिरवून बघितला. मग स्वतःच विमानात बसवला, झाकण लावलं, आणि मूर्तींचं काम सोडून पुन्हा एकदा वाकून आत बघितलं.

गृहस्थ न्यायला आले तेव्हा मी विमान उलटं करून आधी अंगठा दाखवला. त्यांचं तोंड उतरलं. विलायतेतल्या भावाच्या लक्षात येईल म्हणाले. येईल, मी म्हटलं. त्यांनी विमान सुलटं केलं, आत बघितलं. मग खोकं छातीशी धरून नेलं.

ते गेल्यावर मी वडिलांसमोर जाऊन उभी राहिले. ते मान वर न करता म्हणाले, "उंदीर घे."

"गणपती नाही?"

"उंदीर."

गणपतीच्या डोळ्यांपर्यंत मी कधी पोचले नाही. दोन वर्षांनी लग्न झालं. पण त्या वर्षी कारखान्यातल्या सगळ्या उंदरांची आखणी मी केली. आमचे उंदीर तोवर दोन काळे ठिपके घेऊन जायचे. मी प्रत्येक ठिपक्यात वरच्या अंगाला पांढरा कण ठेवला. भाऊ म्हणाला, अगं, उंदराकडे कोण बघतंय? मी त्याला म्हटलं, विहिरीपाशी जाऊन तिथून बघ. तो गेला नाही. वडील गेले.