सासूबाईंचं नाक आणि सडक्या कोबीचा गॅस

आमच्या सासूबाईंशी भांडायचं तर आधी चूळ भरून यावं लागतं. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी त्यांना कशावरून तरी उलट उत्तर दिलं, तेव्हा त्या शांतपणे म्हणाल्या, "कच्चा कांदा खाल्लायस. तोंड धुऊन ये, मग बोलू." कांदा मी दुपारी खाल्ला होता आणि भांडण संध्याकाळी चाललं होतं. तोंड धुऊन येईपर्यंत मला काय म्हणायचं होतं तेच मी विसरले. त्या मात्र काही विसरत नाहीत.

आमची लाँड्री आहे. पुढे दुकान, मध्ये मशीन आणि इस्त्रीची टेबलं, मागच्या अंगणात वाळत घालायच्या दोऱ्या. अतिथिगृहाच्या चादरी, दवाखान्यातले पांढरे कोट, दोन-तीन खानावळींचे टेबलक्लॉथ, असं आमचं ठरलेलं गिऱ्हाईक. सासरे गेल्यावर सासूबाईंनी हा सगळा पसारा एकटीने ओढला आणि तोही नाकाच्या जोरावर. धुतलेल्या कपड्याला सुगंध येत असेल तर धुणाऱ्याने काहीतरी लपवलंय, असं त्यांचं ठाम मत. स्वच्छ म्हणजे कसलाच वास नाही. घड्यांचा गठ्ठा टेबलावर आला की त्या वाकायच्या, एक लांब श्वास घ्यायच्या, आणि मगच दोरीची गाठ मारायच्या. गिऱ्हाइकांनाही हे माहीत होतं. गाठ त्यांची असली की कुणी गठ्ठा उघडून बघत नसे.

मी बांधलेले गठ्ठे मात्र त्या सोडायच्या, हुंगायच्या आणि पुन्हा बांधायच्या. माझी पोरगी शाळेत जायला लागली तरी हे चालूच होतं. माझ्या गाठीला त्या घरात काडीची किंमत नव्हती आणि मला त्याचा मनस्वी राग यायचा.

तसं त्यांच्या नाकाचं कौतुक गल्लीभर होतं. नवऱ्याने कॉलेजात असताना ओढलेली पहिली सिगारेट त्यांनी तो जिन्याच्या तळाशी असतानाच पकडली होती. बेकरीवाला नवं पीठ आलं की मूठभर त्यांच्यापुढे धरायचा. फुलवाली बाई कालची फुलं आजची म्हणून सगळ्यांना विकायची, पण आमच्या दारावरून जाताना टोपली झाकून न्यायची.

अशात आमच्या अंगणामागच्या मोकळ्या जागेवर एक पाटी लागली. ओल्या कचऱ्यापासून गॅस करायचा कारखाना येणार होता. पलीकडच्या भाजीबाजारातला सडका कोबी, नासके टोमॅटो, खानावळींतलं खरकटं, सगळं एका बंद टाकीत कुजवायचं आणि त्यातून निघणारा गॅस नळाने द्यायचा. त्यासाठी पर्यावरण खात्याची मंजुरी लागणार होती आणि मंजुरीच्या आधी लोकांचं म्हणणं ऐकून घेतलं जाणार होतं. सासूबाईंच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. माझ्या चादरींच्या उशाला कचरा कुजवायचा असेल तर आधी मला कुजवा, असं त्यांनी पाटी लावणाऱ्या माणसालाच सुनावलं. बिचारा शिडीवर होता, त्याला पळताही येईना.

गंमत बाजूला ठेवली तर भीती खरी होती. चादरींना वास लागला की अतिथिगृह जाणार, आणि अतिथिगृह गेलं की लाँड्रीत राहतं काय? आम्ही घरचे चौघं आणि इस्त्रीवाल्या दोघी, सगळ्यांचं पोट त्या दोऱ्यांवर वाळत होतं.

खात्याकडून एक मॅडम आल्या. वयाने माझ्याएवढ्याच, खांद्यावर मोठी पिशवी, बोलणं सावकाश. कारखान्याच्या छोट्या नमुन्याची इथेच चाचणी घेणार होत्या आणि वास मोजायला वस्तीतलीच चार नाकं निवडणार होत्या. यंत्रापेक्षा शेजाऱ्याचं नाक बरं, असं त्या म्हणाल्या. निवडीसाठी त्यांनी बरण्या मांडल्या. काहींत कोबीचं आंबलेलं पाणी, अगदी पातळ केलेलं, आणि काहींत नुसतं साधं पाणी. साध्या पाण्यावर वाकूनही बहुतेक जण "हो, येतोय थोडासा" म्हणत होते. सासूबाई तिथे सरळ म्हणाल्या, काही नाही. एका बरणीवर तर त्यांनी वर सांगितलं की ही कुणीतरी लिंबाच्या साबणाने धुतली आहे. मॅडम हसल्या, कारण धुतली त्यांनीच होती.

असं सासूबाईंचं नाव पहिलं लागलं. मग बेकरीवाला, फुलवाली आणि कोपऱ्यावर राहणारे संगीताचे मास्तर. सासूबाई चाचणीत गेल्या होत्या ते कारखाना बुडवायलाच, आणि हे त्यांनी कुणापासून लपवलं नव्हतं.

चाचणी सुरू व्हायच्या आधी घरात सर्दीची साथ आली. सगळे शिंकलो, खोकलो, उठलो. सासूबाईही उठल्या. पण त्यानंतर त्या जरा वेगळ्याच वागायला लागल्या. घड्यांचा गठ्ठा माझ्यापुढे सरकवून म्हणायच्या, "बघ गं एकदा." मी वास घेत असताना त्या माझ्या तोंडाकडे टक लावून बघायच्या. मला वाटलं, आली बाई आपली बढती, आणि परीक्षकही डोक्यावर बसवलाय. एका सकाळी तर त्या गॅसजवळ उभ्या असतानाच दूध करपलं. मी अंगणातून धावत आले. लक्ष नव्हतं, म्हणाल्या, आणि मलाच विचारलं की तू दोऱ्या सोडून का आलीस.

मोकळ्या जागेवर नमुन्याची टाकी आली, भाजीबाजारातून कचऱ्याची गाडी आली आणि रोज सकाळी आमच्या भिंतीलगत ही चार नाकं ओळीने उभी राहू लागली. पद्धत सोपी होती. डोळे मिटायचे, श्वास घ्यायचा आणि बोटं वर करायची. वास नसेल तर मूठ, असह्य असेल तर अख्खा पंजा. मी पलीकडे चादरी वाळत घालताना बघायची. डोळे मिटलेले कुणाचेच नसायचे. पापण्या फडफडत असायच्या आणि सगळ्यांचं लक्ष सासूबाईंच्या हाताकडे. का नसावं? वासाच्या बाबतीत गल्लीत त्यांच्यावर कोर्ट नव्हतं.

एका सकाळी चारही पंजे वर गेले. मास्तरांनी तर दुसरा हातही वर केला. माझ्या तोंडात चिमटे होते, ते तसेच धरून मी जोरात श्वास घेतला. मला फक्त ओल्या चादरी जाणवल्या. मी मनात म्हटलं, तुझं नाक ते काय, सासूबाई उगीच का गठ्ठे सोडतात.

सुनावणी शाळेच्या सभागृहात होती. बाकं लहान मुलांची, त्यामुळे गल्लीतली सगळी मोठी माणसं गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेली. सासूबाईंच्या हातात दोरीचा एक तुकडा होता. सवयीने त्या त्याला गाठ मारत होत्या आणि सोडत होत्या.

मॅडमनी निकाल सांगितला. बऱ्याच सकाळी एक-दोन बोटं, कधी मुठी. आणि एका सकाळी चारही जणांचे पंजे. सभागृहात एकच गलका झाला. कंपनीचा माणूस कपाळ पुसायला लागला. मॅडम गलका थांबेपर्यंत थांबल्या आणि मग म्हणाल्या की त्या सकाळी टाकी रिकामी होती. आदल्या दिवशी ती धुऊन कोरडी केली होती. बरण्यांत साधं पाणी ठेवलं होतं, तसंच हे.

मग मागून कुणीतरी ओरडलं की मॅडम विकल्या गेल्यात. त्यासरशी सगळेच उठले. लाँड्रीवाल्या बाईंचं नाक खोटं आणि तुमची टाकी खरी काय, असं विचारत फुलवाली पुढे सरकली. मॅडमना हाकला, अर्ज फेटाळा, असा धोशा सुरू झाला. मॅडम हातातला कागद धरून नुसत्या उभ्या होत्या. त्यांचं तोंड पांढरं पडलं होतं.

म्हणजे सासूबाई जिंकल्या होत्या. जागेवरून उठायचीही गरज नव्हती. पण माझं लक्ष त्यांच्या हातांकडे गेलं. दोरी थांबली होती. मला एकदम ते करपलेलं दूध आठवलं, माझ्या तोंडाकडे लावलेली टक आठवली. त्या उठायला लागल्या तशी मी त्यांची बाही धरली. झाकली मूठ सव्वा लाखाची, आई, बसा, असं मी कानाशी पुटपुटलेही. त्यांनी बाही सोडवून घेतली.

"मॅडम खोटं बोलत नाहीत," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी वास नव्हता. मी पंजा वर केला तो बेकरीवाल्याचं तोंड बघून."

"मला शिंक येत होती," बेकरीवाला म्हणाला. "तुमचा पंजा बघितला म्हणून मी केला."

फुलवालीने आणि मास्तरांनी माना खाली घातल्या. कुणीतरी फसकन हसलं, मग हसू सगळीकडे पसरलं. मास्तर तेवढ्यात विचारून बसले की बाई, पण तुम्हाला दुसऱ्याचं तोंड बघायची गरज काय पडली? हसू हळूहळू विरलं.

"सर्दी झाल्यापासून मला वास येत नाही," सासूबाई म्हणाल्या. "कचऱ्याचा नाही, साबणाचा नाही, करपलेल्या दुधाचा नाही. मला आता सगळंच स्वच्छ वाटतं. असलं नाक घेऊन मी कुणाला खोटं पाडणार नाही." मग त्या अतिथिगृहाच्या मॅनेजरबाईंकडे वळल्या. "तुमच्या चादरी इतके दिवस मी तपासलेल्या नाहीत. माझ्या सुनेने तपासल्यात. पटत नसेल तर उद्या सगळं घेऊन जा. मी काही म्हणणार नाही."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी चांगलं म्हटलं नव्हतं, आणि आत्ताही म्हटलं नव्हतं, पण स्वतःचं सगळं दुकान त्यांनी माझ्या नाकावर ठेवून दिलं होतं. मॅनेजरबाईंनी थोडा विचार केला. फरक काही जाणवला नाही, म्हणाल्या, तेव्हा चादरी आहेत तिथेच राहू देत, फक्त शनिवारच्या जरा लवकर पाठवा.

एखादी यावर डोळे पुसून खाली बसली असती. आमच्या सासूबाई उभ्याच राहिल्या. वास येत नाही म्हणून अक्कल गेलेली नाही, असं सांगून त्यांनी मॅडमना धारेवर धरलं. सकाळी वारा त्या जागेवरून आमच्या दोऱ्यांकडे येतो. तेव्हा कचऱ्याची गाडी आधी शेडमध्ये घ्या, दार लावा, आणि मगच रिकामी करा. उघड्यावर एक पान सांडता कामा नये. आणि पुढच्या वेळी नाकं मोजताना त्यांना ओळीत नको, पाठीला पाठ लावून उभं करा. मॅडम लिहून घेत होत्या. मध्येच त्यांनी डोळे टिपले, ते माझ्याशिवाय कुणाच्या लक्षात आलं नसावं.

चाचणी पुन्हा झाली आणि तिला नवी नाकं निवडली. मीही बरण्यांवर वाकले. साध्या पाण्यावर मन म्हणत होतं, येतोय गं थोडासा, पण मी काही नाही म्हटलं आणि निवडली गेले. शेडचं दार उघडं राहिलं त्या सकाळी माझी तीन बोटं वर गेली, दार बंद असताना मूठ. मंजुरी मिळाली ती सासूबाईंच्या अटींसकट. शिवाय शेडमधली हवा ओल्या लाकडी भुशाच्या थरातून बाहेर सोडायची आणि वस्तीतल्या नाकांना अधूनमधून बोलवायचं, हे मॅडमनी आपल्या बाजूने घातलं.

आता कारखाना चालतो. आमचा बॉयलरही त्याच गॅसवर चालतो, आणि सासूबाई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आम्ही चादरी कोबीने धुतो. त्या स्वतः अधूनमधून शेडची पाहणी करायला जातात. कंपनीचे साहेब नाकाला रुमाल लावून दारात उभे असतात आणि ह्या मात्र आत, ढिगाऱ्याशेजारी खुर्ची टाकून चहा पितात. मी एकदा बोलवायला गेले तर दारातूनच परत फिरले. डॉक्टर म्हणतात, वास परत येईल किंवा येणारही नाही. त्यावर सासूबाईंचं म्हणणं असं की डॉक्टरांचे कोट येतात तेव्हा न आलेलाच बरा.

परवा अतिथिगृहाच्या चादरी घडी घालून टेबलावर आल्या. दुकानात दोघीच होतो. त्यांनी गठ्ठा माझ्यापुढे सरकवला आणि दोरी हातात घेऊन उभ्या राहिल्या. मी वाकले, लांब श्वास घेतला. आता त्या माझ्या तोंडाकडे बघत नाहीत, खिडकीतून बाहेर बघतात.

"काय?" त्यांनी विचारलं.

"काही नाही," मी म्हटलं. "कसलाच वास नाही."

त्यांनी मान हलवली, दोरी माझ्या हातात दिली आणि पुढचा गठ्ठा आणायला गेल्या. गाठ मी मारली. ती त्यांनी सोडली नाही.